महापालिकेतून निवृत्त होताना: पेन्शनची फाईल, शहराची तिजोरी आणि दवाखान्याचं बिल

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळते, श्रीफळ मिळतं, खात्यातली मंडळी फोटो काढतात आणि साहेबांच्या गाडीतून घरी सोडतात. पुढच्या सोमवारी तोच माणूस त्याच कार्यालयात येऊन बाहेरच्या बाकावर बसतो आणि त्याला सांगितलं जातं, 'टेबलवाले जेवायला गेलेत.' मी एका महापालिकेच्या आस्थापना शाखेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे त्या बाकावर बसून झालंय आणि टेबलामागेही बसून झालंय. आता शनिवारी आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघाच्या खोलीत बसतो. येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, 'काका, पेन्शन किती बसेल?' खरं तर आधी विचारायला हवं, पेन्शन देणार कोण आणि कुठून?

हा लेख महाराष्ट्रातल्या महापालिकांमधून पुढच्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे आईवडील निवृत्त झालेत आणि ज्यांना आता त्यांच्या फाईलमागे फिरायचंय, त्यांच्यासाठीही.

आधी हे समजून घ्या: पैसे मंत्रालयातून येत नाहीत

तलाठी, पोलीस, तहसील कचेरीतला शिपाई यांची पेन्शन राज्याच्या कोषागारातून निघते. आपल्यापैकी बहुतेकांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ हेच लागू असतात, महागाई भत्ताही साधारण राज्याच्या दराने मिळतो, म्हणून आपणही 'सरकारी पेन्शनर' आहोत असं वाटतं. पण नियम राज्याचे आणि पैसे महापालिकेचे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि राज्याकडून दरमहा येणारी जीएसटी भरपाई, यांतून आपली पेन्शन निघते. राज्याने महागाई भत्ता वाढवला तरी महापालिकेने आपला आदेश काढेपर्यंत तो आपल्याला मिळत नाही. फरकाची रक्कम कधी मिळणार हे तर तिजोरीवरच ठरतं.

म्हणून नजर दोन ठिकाणी ठेवावी लागते. एक स्वतःच्या फाईलवर, दुसरी शहराच्या अंदाजपत्रकावर. पहिलं बहुतेक जण उशिरा का होईना करतात. दुसरं जवळजवळ कोणीच करत नाही.

पायरी १: तुम्ही कोणत्या योजनेत आहात?

बहुतेक महापालिकांत १ नोव्हेंबर २००५ ही तारीख लागू आहे, तुमच्याकडची तारीख आस्थापनेत विचारून घ्या. त्याआधी सेवेत लागलेले जुन्या पेन्शनमध्ये, त्या दिवशी किंवा नंतर लागलेले परिभाषित अंशदान योजनेत, म्हणजे आजच्या भाषेत एनपीएसमध्ये, जिथे पगारातून कापून साठलेल्या रकमेवर पेन्शन ठरते. मधल्या काही जणांची जाहिरात आधीची आणि नेमणूक नंतरची आहे. राज्य शासनाने आपल्या अशा कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा एकवेळचा विकल्प दिला. तुमच्या महापालिकेने तो निर्णय स्वीकारला का, आणि तुमचा विकल्प मुदतीत दाखल होऊन त्याची नोंद सेवापुस्तकात आली का, हे आजच विचारा.

एनपीएसवाल्यांनी एक काम दर वर्षी करायचं. पगारपत्रकावरची कपात आणि प्रान खात्याचं (तुमच्या एनपीएस खात्याचं) विवरण समोरासमोर ठेवायचं. पगारातून कापलेली रक्कम आणि महापालिकेचा हिस्सा दोन्ही खात्यात पडलेत का, हे महिन्यागणिक टिकमार्क करत पाहायचं. कपात झाली पण जमा झाली नाही, असे महिने सापडले तर लेखा विभागाला लेखी पत्र द्या. पैसे नंतर भरले गेले तरी मधल्या काळात त्यावर मिळायला हवा होता तो परतावा बुडालेला असतो, आणि तो आपोआप कोणी देत नाही.

कंत्राटी कामगारांची गोष्ट वेगळी. कचरा उचलणारे, गटारात उतरणारे कितीतरी हात आता ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. त्यांना महापालिकेची पेन्शन नाही. त्यांचा आधार पीएफ आणि ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना. ईपीएससाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शन ५८ व्या वर्षापासून. ठेकेदार बदलला की नवा पीएफ क्रमांक पडतो आणि सेवा तुकड्यातुकड्यांत विखुरते, म्हणून सगळे क्रमांक एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली) आणून घ्या. ठेकेदाराच्या कार्यालयाला कुलूप लागल्यावर हे काम फार अवघड होतं.

पायरी २: सेवापुस्तक, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी

सगळ्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

आमच्या शाखेत एक लोखंडी कपाट होतं. खालच्या फळीवर जुनी सेवापुस्तकं, पावसाळ्यात त्यांना ओल धरायची. एकदा मलनिःसारण विभागातल्या एका मुकादमाचं पुस्तक काढलं. जन्मतारखेच्या आकड्यावर खाडाखोड, त्यावर सही कोणाचीच नाही. मधल्या चार वर्षांच्या 'सेवा पडताळली' या शिक्क्यांची जागा कोरी. एका पानावर प्रसूती रजेची नोंद होती, ती दुसऱ्याच कोणाची, चुकून याच्या पुस्तकात चढलेली. तो हसला आणि म्हणाला, 'साहेब, आता मला मूलही झालं म्हणायचं.' पण त्या नोंदीचा उलगडा होईपर्यंत त्याची फाईल तीन टेबलांवर फिरली.

दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, तुमच्याकडे असायला हवं. नसेल तर मूळ पुस्तक पाहण्यासाठी अर्ज करा आणि प्रत्येक पानाचा फोटो किंवा झेरॉक्स घ्या. मग हे तपासा:

जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळते का. नाव आधार, पॅन, बँक आणि सेवापुस्तकात एकसारखं आहे का (लग्नानंतर नाव बदललेल्या बायांची निम्मी प्रकरणं इथेच अडतात). नेमणुकीचा आदेश आणि कायम केल्याची नोंद. रोजंदारीवर किंवा बदली कामगार म्हणून काम केलं असेल तर तो काळ पेन्शनसाठी धरला आहे का. विनावेतन रजा आणि गैरहजेरी नियमित झाली का. निलंबन झालं असेल तर तो काळ कसा मानायचा याचा अंतिम आदेश. आश्वासित प्रगती योजनेचे (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनाचे) लाभ. राखीव प्रवर्गातून लागला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र. आणि दर वर्षाची सेवा पडताळणी.

पेन्शनला किमान दहा वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा लागते. त्यापेक्षा कमी भरली तर एकरकमी सेवा उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं, महिन्याची पेन्शन नाही. नऊ वर्षं आणि काही महिन्यांवर अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने रोजंदारीचे ते विसरलेले महिने सोन्याच्या मोलाचे ठरतात.

पायरी ३: वेतननिश्चिती आणि वसुलीचं भूत

निवृत्तीच्या तोंडावर लेखापरीक्षण तुमची जुनी वेतननिश्चिती काढून बसतं. १९९६, २००६, २०१६, प्रत्येक वेतन आयोगाला पगार बसवताना कुठेतरी एक वेतनवाढ जादा दिली, किंवा मुदतीत एमएस-सीआयटी पास न झाल्यामुळे वाढ रोखायला हवी होती, असं निघतं. मग 'जादा प्रदान' म्हणून काही लाखांची वसुली उपदानातून कापायचा शेरा येतो.

इथे घाबरून सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलंय, की वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत राहिलेले, अशांकडून वसुली करता येणार नाही. चूक कार्यालयाची असावी आणि तुम्ही लबाडी केलेली नसावी, हे त्यात गृहीत आहे. पण याला एक फट आहे. वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम आढळल्यास परत करीन' असं हमीपत्र तुम्ही दिलं असेल, तर २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणातल्या निकालाचा आधार घेऊन प्रशासन वसुलीचा आग्रह धरतं. तो निकाल एका अधिकाऱ्याच्या बाबतीतला होता, त्यामुळे खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्याने हरकत घ्यायला जागा उरते. म्हणून तुमच्या फाईलमध्ये हमीपत्र आहे का, हे आधी बघा. आणि लक्षात घ्या, वसुली थांबली तरी पुढची पेन्शन दुरुस्त केलेल्या, म्हणजे कमी वेतनावरच बसू शकते.

पायरी ४: कागद भरताना

जुन्या योजनेत सेवा पूर्ण भरली असेल तर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, हा ढोबळ हिशेब. समजा मूळ वेतन ६०,००० आहे, तर पेन्शन ३०,००० आणि वर महागाई भत्ता. यातल्या ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन 'विकता' येते. सरकारी भाषेत अंशराशीकरण, आपल्या भाषेत पेन्शन विक्री. १२,००० विकले की हातात एकरकमी पैसे येतात आणि महिन्याची पेन्शन १८,००० होते. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. पुष्कळांना ठाऊक नसतं की महागाई भत्ता मात्र विक्रीनंतरच्या १८,००० वर नाही, पूर्ण ३०,००० वर मिळतो. बँकेच्या किंवा महापालिकेच्या हिशेबात तो १८,००० वर धरलेला सापडला तर लगेच पत्र द्या.

विकावी की नाही? घराचं कर्ज डोक्यावर असेल तर विका. मुलाच्या धंद्यासाठी विकू नका, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ऐकून संघाच्या खोलीतून रागावून गेलेले लोकही आहेत.

करांचा एक बारकावा. स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे महापालिकेसारख्या संस्थेच्या, कर्मचाऱ्याला पेन्शन विक्रीची रक्कम आणि उपदान आयकरातून माफ आहे. शिल्लक अर्जित रजेच्या, जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या रोखीकरणाला मात्र सरकारी कर्मचाऱ्यासारखी सरसकट माफी नाही, २५ लाखांची मर्यादा आहे. बहुतेकांची रक्कम त्यात बसते. मोठ्या पदावरच्यांनी सनदी लेखापालाला विचारून घ्यावं.

नामनिर्देशन नव्याने भरा. पीएफ, उपदान, गटविमा, बँक, सगळीकडे. नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं नसतं, तेव्हा आईचं नाव टाकलेलं असतं आणि ते तसंच तीस वर्षं राहतं. आमच्याकडे सफाई खात्यातल्या एका माणसाची बायको यायची. प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, लग्नाची पत्रिका आणि नवऱ्याचं ओळखपत्र. नामनिर्देशनावर सासूचं नाव, आणि सासूही गेलेली. त्या मावशींना वारस दाखल्यासाठी कोर्टात जावं लागलं. दहा मिनिटांत भरून होणाऱ्या एका फॉर्मअभावी.

ना-देय प्रमाणपत्रं सहा महिने आधी गोळा करायला घ्या: सोसायटी, ग्रंथालय, भांडार विभाग, घरबांधणी अग्रिम आणि महापालिकेची खोली. वसाहतीतली खोली सोडली नाही तर उपदान अडवून ठेवतात आणि वर दंडनीय भाडं लावतात. मुलगा वारसा हक्काने लागणार म्हणून खोली त्याच्या नावावर होईल, या भरवशावर राहिलेल्यांचे पैसे वर्षानुवर्षं अडकलेले मी पाहिलेत. खोलीचा अर्ज वेगळा चालू द्या, ताब्याचा प्रश्न लेखी सोडवून घ्या.

पायरी ५: निवृत्त झालात आणि पैसे आले नाहीत

पहिल्या महिन्यात तात्पुरत्या निवृत्तिवेतनासाठी लेखी अर्ज करा. अंतिम प्रकरण रखडलं म्हणून घरातली चूल बंद ठेवायची गरज नाही, नियमांत तात्पुरत्या पेन्शनची सोय आहे. विभागीय चौकशी चालू असली तरी ती मिळते, उपदान मात्र चौकशी संपेपर्यंत थांबतं. निवृत्तीनंतर नव्याने चौकशी लावायची तर ती घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, हे नियम २७ मध्ये आहे. कोणी जुनं प्रकरण उकरून धमकावत असेल तर त्याला हा नियम दाखवा.

उशीर प्रशासनाच्या चुकीने झाला असेल तर व्याज मिळतं. उपदानासाठी नियम १२९-अ, पेन्शनसाठी १२९-ब. व्याज न मागता कोणी देत नाही. प्रत्येक पत्राची आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी 'होऊन जाईल' याला किंमत नाही, मी स्वतः कितीतरी जणांना तसं सांगितलंय.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. 'माझी पेन्शन का दिली नाही?' असं विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. 'माझे प्रकरण कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आले, तिथून कधी गेले, आणि टिप्पणीच्या पानांच्या प्रती द्या' असं विचारा. निम्म्या वेळा अर्ज पोचल्यावर फाईल आपोआप हलायला लागते.

काही दारं आपल्यासाठी नाहीत, तिथे चकरा मारू नका. लोकशाही दिनात सेवाविषयक तक्रारी घेत नाहीत. प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, महापालिकेच्या नाही. आपला शेवटचा रस्ता उच्च न्यायालयातल्या रिट अर्जाचा. तिथे जाताना दोन निकाल वकिलाच्या तोंडी असतातच. १७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार, पेन्शन ही मेहेरबानी नाही असं सांगणारा. त्याच तारखेला पेन्शनर दिन पाळला जातो. आणि २०१३ चा झारखंड राज्य विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव, पेन्शन ही मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही असं सांगणारा. पण फार उशीर करू नका. पेन्शनचा दावा उशिरा आणला तरी ऐकतात, मात्र थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच देतात.

एक दिलासा: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार स्थानिक प्राधिकरणाच्या पेन्शनवर आणि उपदानावर सावकाराला जप्ती आणता येत नाही.

पायरी ६: नोव्हेंबर

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे, मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पण पेन्शन देणाऱ्या संस्थांच्या यादीत तुमची महापालिका असेल तरच तो उपयोगी. नसेल तर बँकेत किंवा महापालिकेच्या पेन्शन शाखेत कागदावर. नातवाने मोबाईलवर काढून दिला म्हणून निर्धास्त राहिलेल्या आणि डिसेंबरात पेन्शन बंद पडलेल्या आजोबांना मी ओळखतो. दाखला निघणं वेगळं आणि पोचणं वेगळं.

याच महिन्यात भामट्यांचाही हंगाम असतो. 'पेन्शन शाखेतून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा.' महापालिकेची पेन्शन शाखा कधी स्वतःहून फोन करते का, एवढं आठवलं तरी कळेल. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

८० वर्षं पूर्ण झाल्यावर वाढीव पेन्शन मिळते. ती जन्मतारखेवरून आपोआप लागायला हवी. लागली नाही तर वयाचा पुरावा जोडून अर्ज.

पायरी ७: दवाखाना

नोकरीत असताना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळत असते, आणि निवृत्तीनंतरही काहीतरी असेलच असा समज असतो. पुष्कळ महापालिकांमध्ये काहीच नसतं. काही ठिकाणी आहे, पुण्याची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना, पिंपरी-चिंचवडची धन्वंतरी. तुमच्याकडे अशी योजना असेल तर निवृत्त होण्याआधीच विचारा: निवृत्तांना घेतात का, वर्गणी किती, अर्जाची मुदत निवृत्तीनंतर किती दिवसांची, आणि तुमच्यानंतर जोडीदाराचं संरक्षण चालू राहतं का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही.

योजना नसेल तर विमा नोकरीत असतानाच, पन्नाशीत घ्या. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांनाही विमा कंपन्यांना पॉलिसी देता येते, आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. तरी साठीनंतरचा हप्ता अंगावर येतोच. बीपी-शुगर लपवू नका. पाच वर्षं पॉलिसी चालू राहिल्यावर कंपनीला लपवाछपवीचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण ती पाच वर्षं निघायची असतात.

सत्तरी ओलांडली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पेन्शनर आहात म्हणून तुम्ही बाद होत नाही, खासगी विमा असला तरी नाही. घरात नवराबायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. आधारवरून कार्ड निघतं, चौकशीसाठी १४५५५. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, क्रमांक १५५३८८. दोन्हींत एक गोष्ट विसरू नका: रुग्णालय यादीत हवं आणि उपचारही यादीत हवा. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. आधी पैसे भरून नंतर कार्ड दाखवलं की परतावा मिळायची आशा फार ठेवू नका.

कंत्राटी कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) पाच वर्षं असतील, तर निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोला ईएसआयचे उपचार मिळतात. इतका स्वस्त आधार दुसरा नाही आणि फारच थोड्यांना तो ठाऊक आहे.

मुंबईकरांना केईएम, नायर, सायन जवळ आहेत. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मेहुण्याचा जीव तिथल्याच एका वॉर्डात वाचला, जमिनीवरच्या गादीवर.

पायरी ८: शहराचं अंदाजपत्रक वाचायला शिका

२०१३ मध्ये अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत गेलं. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं. मिटवामिटवीत सामान्य निवृत्तांची पेन्शन ४.५ टक्के कापली गेली, महागाईप्रमाणे होणारी वाढ बंद झाली, आणि आरोग्य खर्चाची जबाबदारी शहराने अंगावरून काढून एका वेगळ्या न्यासावर टाकली. तीस-तीस वर्षं बसगाड्या आणि पाणीपुरवठा सांभाळलेली माणसं ती. आपल्याकडे महापालिका अशी कोर्टात जाऊन दिवाळं काढत नाही. आपल्याकडे पेन्शन पाच तारखेची वीस तारखेला जाते, वेतन आयोगाचा फरक हप्त्याहप्त्याने येतो आणि उपदानाची यादी लांबत जाते. कपात नाही म्हणायचं, पण म्हाताऱ्याच्या हिशेबात उशीर ही कपातच असते.

जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्या बदल्यात राज्य महापालिकांना दरमहा भरपाई देतं, दर वर्षी आठ टक्के वाढीने. बऱ्याच महापालिकांत पगार आणि पेन्शन याच पैशावर उभ्या आहेत. अनुदान उशिरा आलं की पेन्शन उशिरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक येतं, संकेतस्थळावर पीडीएफ टाकतात. घाबरू नका, सातशे पानं वाचायची नाहीत. महसुली खर्चातलं 'आस्थापना' शोधा, त्यात निवृत्तिवेतन, उपदान, पेन्शन विक्री यांची लेखाशीर्षं (खर्चाची खाती) असतात. तीन आकडे एका ओळीत लिहा: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, यंदाची सुधारित तरतूद, पुढच्या वर्षाची तरतूद. यंदा किती जण निवृत्त होणार ही यादी आस्थापनेकडे असते, माहिती अधिकारात मिळते. निवृत्त होणारे वाढताहेत आणि उपदानाची तरतूद तेवढीच, असं दिसलं की समजा, पुढची दिवाळी रांगेत जाणार.

मग पेन्शन निधी शोधा. त्यात यंदा किती भरले, किती काढले, आणि ठेवी खऱ्याच आहेत की फक्त वहीतली नोंद? निधीच्या ठेवी मोडून रस्त्याची बिलं भागवायची सवय लागली की ती सुटत नाही. भविष्यातल्या पेन्शनच्या बोजाचं विमागणिती मूल्यमापन शेवटचं कधी करून घेतलं, हाही प्रश्न विचारा. उत्तर 'केलेले नाही' आलं तर तेच उत्तर निवेदनाला जोडा.

निवेदन संघाच्या लेटरहेडवर, आयुक्त आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना, अंदाजपत्रक स्थायी समितीत जाण्याआधी, म्हणजे जानेवारीतच. मार्चअखेरीस दिलेलं निवेदन फक्त फाईलला लागतं. मागणी एकच आणि आकड्यात असावी: 'उपदानाच्या लेखाशीर्षात इतके कोटी वाढवा, कारण इतक्या जणांचे इतके देणे आहे.' 'निवृत्तांना न्याय द्या' या वाक्यावर कोणी तरतूद करत नाही. आणि थकलेल्या मालमत्ता करावर गप्प बसू नका. आपल्या गल्लीतला बडा थकबाकीदार हा आपल्या पेन्शनचाही थकबाकीदार असतो.

पायरी ९: घरच्यांना दाखवून ठेवा

कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने. त्यासाठी जोडीदाराचं नाव, जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो पेन्शन मंजुरीच्या आदेशात असावा, बँक खातं संयुक्त असावं. अपंग मूल असेल तर त्याचं नाव आणि प्रमाणपत्र तुमच्या हयातीतच नोंदवा, त्याला तुमच्या दोघांनंतर आयुष्यभर पेन्शन मिळू शकते.

आमच्या संघात आम्ही एक जाड खाकी पाकीट देतो. वर मार्करने पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक शाखा, पेन्शन शाखेचा मजला आणि टेबल. आत पीपीओची प्रत, आधार, पॅन, लग्नाचा दाखला, सेवापुस्तकाचं पहिलं पान आणि शेवटचं वेतन प्रमाणपत्र. पाकीट कपाटाच्या आत चिकटवायचं आणि बायकोला, नवऱ्याला, सुनेला एकदा उघडून दाखवायचं. मागच्या महिन्यात एक वहिनी ते पाकीट घेऊन आल्या. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी. सगळे कागद जागच्या जागी होते, फक्त मृत्यूचा दाखला वरून जोडायचा होता. अर्ज लिहायला मला वीस मिनिटं लागली.